उलटी कापलेली झालर

पडदे शिवायच्या त्या कारखान्यात दिवसभर दोनच आवाज चालायचे. एक मशिनींचा आणि दुसरा मास्तर-मास्तरीणबाईंच्या भांडणाचा. जेवायच्या सुट्टीत मशिनी बंद व्हायच्या. भांडण तेव्हाही चालूच असायचं.

मास्तर म्हणजे कापड कापणारे. शाळेचं आणि त्यांचं लहानपणीच फाटलं होतं, पण या धंद्यात जो कापतो तो मास्तर. आणि मास्तरांची बायको म्हणून त्या मास्तरीणबाई. त्या खिडकीजवळच्या मशिनीवर बसायच्या. मास्तरांनी कापलेला गठ्ठा त्यांच्याकडे यायचा, त्या एकेक तुकडा उलटून-पालटून बघायच्या, आणि सुई खाली सोडायच्या आधी मास्तर गळ्यात टेप अडकवून समोर येऊन उभे राहायचे.

"काही?" एवढंच विचारायचे.

आणि काहीतरी असायचंच. नसलं तरी बाई शोधून काढायच्या.

"ही कड बघा. उंदराने कुरतडल्यासारखी."

"उंदीर बरा. तुझ्यासारखा बोलत तरी नाही."

"अर्धा इंच कमी आहे इकडे."

"अर्धा इंच तुझ्या चष्म्यात आहे. काच पूस."

मग टेप निघायचा, दोघं दोन टोकं धरायची, आणि कधी याचं तर कधी तिचं खरं निघायचं. हरलेला हार मानायचा नाही. जुने मालक, हल्लीच्या मालकांचे वडील, या कटकटीला एवढे वैतागले होते की त्यांनी एकदा बाईंची मशीन मागच्या खोलीत हलवली. कारखान्यात शांतता झाली आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. महिन्याच्या आत मालकांनी स्वतः मशीन ढकलत खिडकीपाशी परत आणली आणि म्हणाले, "भांडा बाबांनो, हवं तेवढं भांडा."

मास्तरांचा हात मात्र मानावा असा होता, हे बाईसुद्धा मानायच्या. मास्तर समोर नसतील तेव्हा. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर अडते. पडद्याचे सगळे तुकडे एकाच दिशेच्या लवेचे लागतात, नाहीतर दिवा पडला की एक तुकडा गडद आणि शेजारचा फिकट दिसतो, एकाच ताग्यातले असूनही. बाकीचे कापणारे लक्षात राहावं म्हणून कापडाच्या पाठीवर खडूने बाण काढतात. मास्तरांनी आयुष्यात बाण काढला नाही. "बाण मारायला मी काय लढाईवर आलोय?" म्हणायचे. पालथा हात कापडावरून असा नुसता न्यायचे, इस्त्रीवाल्याशी गप्पा मारता मारता, आणि कात्री लावायची. कधी चुकले नाहीत.

तर तो हात गेला.

आणि गेला तोही कसा! एखाद्याला उतरती कळा लागली म्हणतो आपण. पण उतरायचं तर पायऱ्या लागतात. माणूस एक पायरी उतरतो, थांबतो, दम खातो, घरच्यांनाही सवय होत जाते. इथे पायऱ्याच नव्हत्या. फळीवरून डबा पडावा तसं झालं. काल जागेवर होता आणि आज खाली. असल्या पडण्याला काय म्हणायचं ते मला तरी माहीत नाही. माणसं आपली "वय झालं" म्हणून मोकळी होतात. वय काय एका महिन्यात होतं?

पहिल्यांदा बटण अडलं. सकाळी मास्तर आरशासमोर उभे, आणि सदऱ्याचं बटण काही काजात जाईना. बाई डबे भरत होत्या.

"अहो, निघायचंय ना आज?"

"काज लहान झालंय," मास्तर म्हणाले.

"काज कसं लहान होईल? पोट मोठं झालं असेल," असं म्हणत बाईंनीच बटण लावून दिलं आणि वाटभर त्यांना त्यावरून छळलं. मास्तरांनी उलट उत्तर दिलं नाही. तेव्हा बाईंना ते जाणवलंही नाही.

मग चहाचा कप हातातून सुटला. मग दुसरा. मग रस्त्यात चालताना एका पायातली चप्पल मागे राहिली आणि मास्तर तसेच चार घरं पुढे गेले. बाईंनी हाक मारली तेव्हा पायाकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. आणि मग गठ्ठ्यातली कड. खरोखर उंदराने कुरतडल्यासारखी. बाई वर्षानुवर्षं जे थट्टेने म्हणत आल्या होत्या ते समोर येऊन पडलं.

मास्तर नेहमीसारखे येऊन उभे राहिले. "काही?"

"तुमच्या हाताला काय झालंय?" बाईंनी विचारलं. हळू आवाजात. भांडायचा आवाजच लागला नाही.

"हाताला? हाताला काय होतंय? तुझे डोळे तपासून घे."

शब्द नेहमीचेच होते. पण चेहरा नेहमीचा नव्हता. मास्तर घाबरले होते. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी तो माणूस चिडलेला पाहिला होता, रुसलेला पाहिला होता, लेकीच्या पाठवणीनंतर मोरीत नळ सोडून रडलेलाही पाहिला होता. घाबरलेला पाहिला नव्हता. त्यांना ते बघवलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि मशीन चालू केली.

तिथून त्या गप्प झाल्या.

आता यात त्यांचा विचार काय होता, तोही सांगतो, कारण बाई काही वेड्या नव्हत्या. धाकटे मालक कारभार बघायला लागल्यापासून विजेवर कापायच्या यंत्राच्या गोष्टी करायचे. कुणीतरी तरुण कापणारा येऊन भेटूनही गेला होता. मालकांना मास्तरांबद्दल बोलायला निमित्तच हवं होतं, असं बाईंचं मत. तोंडातून एक शब्द निघाला आणि तो इस्त्रीवाल्याच्या कानावर गेला की संपलं. मास्तरांना म्हणतील, पुष्कळ केलंत, आता घरी आराम करा. आणि मास्तर घरी बसून काय करणार? त्या माणसाला पत्त्यांचा नाद नाही, देवाधर्माचं वेड नाही, बाजारात पाठवला तर अर्धी भाजी विसरून येतो. त्याचं सगळं असणं त्या लांब टेबलापाशी होतं. ते टेबल काढून घेतलं तर उरणार काय? म्हणून ते टेबल राखायचं, एवढं एकच बाईंनी मनाशी धरलं.

आणि राखलं. कसं राखलं ते त्यांच्या पाठीला विचारा. वाकडी कड आली की गुपचूप कात्रीने सरळ करायची, कमी पडलं तर दुमड बारीक घ्यायची, जास्त झालं तर आत दडपायचं. दोन माणसांचं काम एका मशिनीवर. मास्तर समोर येऊन "काही?" म्हणाले की, "काही नाही." घरी आलं की भाजीही स्वतःच चिरायची, कारण मास्तरांच्या हातात सुरी द्यायची भीती. कप स्टीलचे काढले. सदऱ्याची बटणं बोलता बोलता सहज लावल्यासारखी लावायची, म्हणजे त्यांना वाटू नये. या "वाटू नये"नेच बाई अर्ध्या झाल्या. अंग टाकलं की झोप लागायची नाही आणि सकाळी उठवायचं नाही. दमणूक अशी हाडात जाऊन बसली होती की खुर्चीवरून उठताना त्या "आई गं" म्हणायच्या आणि मग इकडेतिकडे बघायच्या, मास्तरांनी ऐकलं तर नाही ना.

लेक दुसऱ्या गावी असते. तिचा फोन आला की एरवी तिला दोघांचं एकमेकांवर खेकसणं ऐकूनच फोन ठेवावा लागायचा. एके दिवशी ती म्हणाली, "आई, बाबा घरी नाहीत का? मागून काही आवाजच येत नाही."

"आहेत की. पेपर वाचतायत."

"इतका वेळ? आणि तू वाचू देतेयस?"

"मग काय, जन्मभर भांडतच बसू?" बाई म्हणाल्या. लेक हसली. मास्तर खरंच पेपर समोर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. उलटताच येत नव्हतं, हे बाईंना दिसत होतं.

अशात नाट्यगृहाचं काम आलं. नवीन रंगवलेलं नाट्यगृह, रंगमंचाला किरमिजी मखमलीचा पडदा, आणि त्याच्या वर पुढच्या बाजूला झालर. मोठ्या पडद्याचे तुकडे सरळसोट. एखादा उलटा आला तर फिरवून लावता येतो, आणि बाईंनी दोन तसे फिरवलेही. पण झालरीचं तसं नसतं. तिचा प्रत्येक तुकडा वरून सरळ आणि खालून कमानीसारखा गोल. मधला सगळ्यांत मोठा, त्याची कमान सगळ्यांत खोल. तो उलट्या लवेचा कापला गेला तर गेला. फिरवायला जावं तर कमान आकाशाकडे. आणि कापड मोजूनमापून आणलेलं. नवा तागा मागवावा तर त्याच रंगाचा म्हणून येतो आणि शेजारी धरला की निराळाच दिसतो.

झालरीचा गठ्ठा आला. बाईंनी एकेकावरून हात फिरवला. मऊ. मऊ. मऊ. मधल्या तुकड्यावर हात अडला.

त्यांनी पुन्हा फिरवला. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून पाहिलं. मशिनीचा दिवा वाकवून तिरका धरला. काही उपयोग नव्हता. मधलाच तुकडा. बरोब्बर मधला. कडेचा असता तर भिंतीजवळ अंधारात खपला असता. छे!

मास्तर आले. गळ्यात टेप. समोर उभे राहिले.

"काही?"

बाईंचा हात त्या तुकड्यावरच होता. शेजारच्या मशिनी चालू होत्या, इस्त्रीवाला आपल्या तंद्रीत वाफ सोडत होता. सांगायचं तर हीच वेळ होती.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

मास्तर गेले नाहीत. "नीट बघितलंस ना सगळं?"

"बघितलं की."

"मधला?"

"सगळं ठीक आहे हो. जा तुम्ही."

मास्तर सावकाश टेबलाकडे गेले आणि स्टुलावर बसले. कामाच्या वेळेत ते कधी बसत नसत. बाईंनी सुई खाली सोडली आणि झालर शिवून टाकली. नाटक बघायला आलेला माणूस झालर कशाला बघत बसेल, अशी मनाची समजूत घातली. पडदा वर गेला की सगळ्यांचे डोळे खालीच. इतकी वर्षं पडदे शिवणाऱ्या बाईने अशी समजूत घालावी म्हणजे बघा, ती किती थकली असेल.

पडदा टांगायला सगळे गेले. धाकटे मालक, इस्त्रीवाला, शिवणाऱ्या दोघीतिघी, मास्तर, बाई. नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शिड्या लागल्या, दोऱ्या ओढल्या, पडदा चढला, झालर चढली. साध्या उजेडात बरं दिसत होतं. मास्तरीणबाईंचा जीव जरासा भांड्यात पडला.

मग दिवेवाल्याने रंगमंचाचे दिवे लावले.

झालरीच्या मधोमध तो तुकडा पांढुरका पडला. भर उन्हात वर्षभर वाळत घातल्यासारखा. दोन्हीकडे गडद किरमिजी आणि मध्ये हे. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हे असंच असतं का?" व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

धाकटे मालक लाल झाले. "कुणाचं काम आहे हे?"

"माझं," मास्तरीणबाई एकदम म्हणाल्या. "माझ्या हातून झालं. शिवताना उलटा लागला तुकडा. माझंच लक्ष नव्हतं."

शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या धंद्यात दोन दिवस काढलेल्या माणसालाही कळेल की कमानीचा तुकडा शिवताना उलटा लागूच शकत नाही. पण बाईंच्या तोंडाकडे बघून कुणी ब्र काढला नाही. मालकांनीही काढला नाही.

"उलटा लागत नाही तो," मास्तर म्हणाले. ते मागे, खुर्च्यांच्या रांगेपाशी उभे होते. "खाली कमान आहे. उलटा कापलाय. मी कापलाय."

"अहो, तुम्ही गप्प बसा."

"तू बसलीस ती पुरे झाली." मास्तरांचा आवाज चढलेला नव्हता. "कापतानाच मला शंका आली होती. हात फिरवला, हाताला काही लागेचना. मऊ नाही, खरखरीत नाही. काहीच नाही. लाकडावर फिरवतोय की मखमलीवर तेही कळेना. म्हटलं, जाऊ दे, ही सांगेल. ही सोडणार नाही मला. आजवर कधी सोडलंय? ही कावकाव करेल, सगळा कारखाना डोक्यावर घेईल, आणि मग मला सांगावंच लागेल सगळ्यांना. माझ्या तोंडून निघत नव्हतं. तुझ्या तोंडून निघेल म्हणून तुझ्यासमोर येऊन उभा राहत होतो रोज."

बाई खुर्च्यांच्या रांगेकडे दोन पावलं आल्या.

"तू म्हणालीस, काही नाही," मास्तर म्हणाले. "मधला म्हणून विचारलं, तरी म्हणालीस ठीक आहे. तेव्हा समजलो. म्हटलं, ही आता भांडतसुद्धा नाही आपल्याशी. आपलं संपलं."

"मी तुमचं टेबल वाचवत होते हो!" बाई ओरडल्या. रिकाम्या नाट्यगृहात तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "त्या टेबलासाठी मेले मी महिनाभर!"

मास्तर हातांकडे बघत राहिले.

आता धाकटे मालक काय करतील अशी सगळ्यांनाच धास्ती. बाई तर त्यांच्या तोंडून "आराम करा" हे शब्द निघायची वाटच बघत होत्या. मालक शिडीपाशी गेले, झालर उतरवायला सांगितली, व्यवस्थापक बाईंना काहीतरी समजावलं. मग मास्तरांपाशी येऊन म्हणाले, "मास्तर, हात इतके गेलेत आणि तुम्ही अजून डॉक्टरकडे गेला नाहीत? चला, गाडी बाहेर आहे."

एवढंच. ज्या माणसाच्या भीतीने बाईंनी जीभ चावून धरली होती, तो हे बोलला. बाईंना त्याचा राग आला. खरंच आला. आधी का नाही बोललास मेल्या, असं मनात आलं, आणि मग तो राग फिरून त्यांच्या स्वतःवरच आला.

पुढचे दिवस तपासण्यांत गेले. एका यंत्रात घालून मानेचा फोटो काढला, पायांवर हातोड्या मारल्या, बोटांत सुया टोचल्या. मास्तर म्हणत, "टोचा, टोचा, मला काय!" आणि हसत. ते हसणं बाईंना ऐकवत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. तरुण डॉक्टर होत्या, आवाज मऊ. मानेतून हातापायांकडे जाणारी नस हाडाखाली दबली आहे, त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षं मान खाली घालून काम केलं की होतं कधी कधी. हळूहळू चालू असतं, कळत नाही, आणि मग एकदम खाली येतं.

"ऑपरेशन करावं लागेल. त्याने आहे ते टिकेल."

"आणि गेलंय ते?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. "ते परत येईल असं मी सांगू शकत नाही. सुरुवातीलाच आला असतात, बटणं लागेनाशी झाली तेव्हाच, तर बराच हात वाचला असता. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

"माझ्या आलं होतं," बाई म्हणाल्या.

"माझ्या तर आलंच होतं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख सांगितली.

दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसले. लांबलचक बोळ, एका कडेला खाटा, औषधाचा वास, कुणाचा तरी खोकला. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते. बाईंनी त्यातला एक उचलून आपल्या हातात घेतला.

"कळतंय का? धरलाय मी."

"दिसतंय," मास्तर म्हणाले.

एवढं ऐकलं आणि बाईंचा बांध फुटला. आधी रडू यायला हवं होतं, पण आलं ते दुसरंच. "बटण लागत नव्हतं तर तोंडाला काय कुलूप लावलं होतं? काज लहान झालंय म्हणे! काज! मला काय बावळट समजता? चप्पल रस्त्यात राहते, कप फुटतात, आणि हा माणूस मला म्हणतो तुझे डोळे तपास! आणि मी गाढव, मी सरळ करत बसले तुमच्या वाकड्या कडा! एकदा बोलायचं होतंत! एकदा! हात गेला हो तुमचा, माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि मी दुमडी घालत बसले!" त्या ओरडत होत्या आणि रडत होत्या, आणि तो हात काही सोडत नव्हत्या. खाटांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. मास्तर खाली मान घालून सगळं ऐकून घेत होते.

पलीकडच्या दारातून नर्स धावत आली. "अहो बाई, हळू! हे हॉस्पिटल आहे. इथे पेशंट झोपलेत."

"बोलू दे तिला," मास्तर म्हणाले. "महिनाभर गप्प होती."